'पंखा' म्हटलं की 'अम्मा' ऐकू येतं

माझ्या धाकट्या भावाला सेरेब्रल पाल्सी आहे. हात ऐकत नाहीत, नजर फार कमी, आणि बोलणं घरच्यांनाच समजेल असं. 2016 च्या दिव्यांग कायद्यातल्या 21 प्रकारांमध्ये बहुविकलांगताही येते, त्याच्या कार्डावर तीच नोंद आहे. आवाजावर चालणाऱ्या वस्तूंच्या जाहिरातीतला माणूस मात्र बातम्या वाचल्यासारखा स्वच्छ बोलतो!

इंदूरला रामबागेतल्या आमच्या घरी स्मार्ट स्पीकर आणला तेव्हा आधी हाकेचाच प्रश्न आला. स्पीकरला आधी 'अलेक्सा' अशी हाक मारावी लागते, तरच तो ऐकतो; त्यातला 'क्स' भावाच्या तोंडून निघत नाही. सेटिंगमध्ये हाकेचा शब्द बदलता येतो, म्हणून 'इको' ठेवला. तो त्याला जमला.

पुढचं काम चिकाटीचं होतं. स्पीच थेरपिस्ट बाई म्हणाल्या, "उच्चार सुधारायच्या मागे लागू नका. तो शब्द दर वेळी सारखाच येतो का, एवढंच बघा." स्पीकरनं काय ऐकलं ते अ‍ॅपमध्ये लिहिलेलं सापडतं. भाऊ 'पंखा' म्हणायचा, तिथे बहुतेक वेळा 'अम्मा' उमटलेलं असायचं. मग मी अ‍ॅपमधल्या रूटीनमध्ये, म्हणजे कोणत्या शब्दावर काय करायचं ते ठरवून ठेवतात तिथे, 'अम्मा' हाच हुकूम लिहिला आणि त्याला पंख्याचा स्मार्ट प्लग (स्पीकरच्या सांगण्यावरून वीज चालू-बंद करणारा प्लग) जोडला. पंखा फिरला! 'लाइट'चं मात्र जमेना. ते 'आई'सारखं निघायचं आणि खरोखरची आई स्वयंपाकघरातून धावत यायची. शेवटी 'बत्ती' घेतलं.

कूलरनं दमवलं. चालू व्हायचा, पण त्याच्या घरघरीत 'बंद'चा हुकूम स्पीकरपर्यंत पोचेना. आवाज वाढवणं भावाच्या हातात नाही. स्पीकर खिडकीजवळून काढून त्याच्या उशाशी आणला, तेव्हा फरक पडला. प्लग घेताना एक बघा: फिरवायच्या बटणाचा कूलर किंवा पंखा प्लगवर नीट चालतो, पण रिमोटवाल्या बऱ्याच वस्तू वीज परत आली तरी आपण होऊन सुरू होत नाहीत.

इलेक्ट्रिशियन भैया जाता जाता म्हणाला, "दीदी, गीझर इसमें मत डालना." मलाही ते पटलं. टीव्हीवरच्या मालिकेतल्या कुणीतरी 'अम्मा' म्हटलं की आमचा पंखा सुरू होतो म्हणे, असं आईचं म्हणणं. तसं होणार नाही, आधी 'इको' म्हणावं लागतं. तरी पाणी तापवणारी वस्तू आवाजावर सोडायला माझं मन धजत नाही.

आणि वीज किंवा नेट गेलं की हे सगळं मुकं होतं. म्हणून सेलवर चालणाऱ्या बेलचं मोठं बटण त्याच्या कोपराशी पट्टीनं बांधून ठेवलंय. कोपर दाबला की स्वयंपाकघरात घंटी वाजते. स्पीकर घ्यायचा विचार असेल, तर आधी ही बेल घ्या.