सिएना: स्टेशनवर उतरू नका

हॉटेलच्या जाहिरातीत लिहिलं होतं, ‘स्टेशनपासून पायी पंचवीस मिनिटं, लिफ्टची सोय.’ दोन्ही गोष्टी खऱ्या निघाल्या. पंचवीस मिनिटं लागतात, पण मोकळ्या हातांनी. आणि लिफ्ट आहे, पण ती पहिल्या मजल्यावरून सुरू होते. तिथवर सत्तावीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण प्रत्येक पायरीवर बॅग टेकवत होते.

आम्ही तिघं होतो. मी, नवरा आणि सदुसष्ट वर्षांच्या सासूबाई. इटलीत फ्लॉरेन्सहून सिएनाला जायला दोन रस्ते, ट्रेन किंवा बस. नवऱ्याला ट्रेनचं वेड, म्हणून ट्रेन. साधारण दीड तास लागतो, खिडकीतून टस्कनीच्या टेकड्या दिसतात, सगळं छान. ऑक्टोबरचा शेवटचा रविवार होता. त्याच पहाटे युरोपातली घड्याळं एक तास मागे गेली होती, हे आम्हाला कळलं ते संध्याकाळी सव्वापाचलाच अंधारून आलं तेव्हा.

आता नीट वाचा, कारण हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं. सिएना टेकडीवर आहे आणि स्टेशन टेकडीच्या पायथ्याशी. ‘सिएना’ अशी पाटी बघून उतरलात तरी सिएना अजून यायचं असतं. स्टेशनबाहेर टॅक्सीस्टँड आहे, पण रविवारी संध्याकाळी तिथे एकही टॅक्सी नव्हती आणि आमच्या पुढे सातजण उभे होते. इथे जाता जाता हात दाखवून टॅक्सी थांबवायची पद्धत नाही. समोर एक मॉल आहे. वर जाणाऱ्या शहरबसेस त्याच्या खालच्या मजल्यावरून सुटतात, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. त्या क्षणी दिसले ते मॉलमधले सरकते जिने. गावात वर नेणारे, फुकट, एकामागून एक टप्पे. नवरा म्हणाला, ‘बघ, काय सोय आहे!’

एक टप्पा बंद होता.

बंद सरकता जिना हा साध्या जिन्यापेक्षा वाईट असतो. पायऱ्या उंच आणि कडा धारदार, त्यात माणसं मागून येतच असतात. माझी बॅग एकवीस किलोची, नवऱ्याची तेवीस. आमच्याकडे दरवर्षी चार-पाच ट्रेक होतात, राजगडला पाठीवर सॅक घेऊन आम्ही आरामात चढतो, त्यामुळे ‘तुम्हाला सवय नसेल’ असं कुणी म्हणू नये. पाठीवरचं ओझं वेगळं आणि हातात लटकणारं वेगळं. सासूबाईंकडे एक खांद्यावरची पिशवी. त्या कधीच वर पोचल्या होत्या आणि तिथून आम्हाला न्याहाळत होत्या.

जिने संपतात तिथे मोठा रस्ता लागतो. डावीकडे वळायचं. थोड्या वेळाने जुन्या तटाचा दरवाजा येतो, पोर्ता कामोल्लिया. त्यावर लॅटिनमध्ये कोरलंय की सिएना तुझ्यासाठी या दरवाजाहूनही मोठं हृदय उघडते. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला, टस्कनीवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्यातल्या ग्रँड ड्यूकच्या स्वागताला कोरलेली ओळ. ग्रँड ड्यूक स्वतःची बॅग ओढत आला नसावा. माझ्या बॅगेचं एक चाक याच दरवाजाखाली निखळलं.

दरवाज्यापासून पुढे कामोल्लिया, मग मोंतानिनी, मग बांकी दी सोप्रा. नावं बदलतात, रस्ता एकच, मुख्य चौकापर्यंत सव्वा किलोमीटरहून जास्त. फरशी मोठ्या दगडांची, दोन दगडांत फट, त्या फटीत चाक. उंच घरांच्या मध्ये अरुंद रस्ता, त्यात स्कूटर आणि टॅक्सी दोन्ही येतात (त्यातली एक आम्हाला स्टेशनवर हवी होती). तीन चाकांवरची बॅग दर चार पावलांनी डावीकडे वळते. घरघर इतकी की वरच्या खिडकीतून एका आजीबाईंनी डोकावून बघितलं. रस्ता मध्येच उतरतो, म्हणून हायसं वाटतं, आणि पुढे तेवढाच चढतो. सासूबाई रोज सकाळी पर्वती चढतात, एकशे तीन पायऱ्या. त्या म्हणाल्या, ‘पर्वतीला निदान वर गेलं की वर असतो.’

पंचवीस मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला तासाला दहा मिनिटं कमी लागली.

तर माझा सल्ला एकच. फ्लॉरेन्सहून बसने या. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेल्ला स्टेशनला लागूनच बसस्थानक आहे. तिथून १३१ नंबरची बस सुटते. तिचे दोन प्रकार आहेत. नंबरापुढे आर असलेली जलद बस सव्वा तासाच्या आसपास घेते, नुसती १३१ गावोगाव थांबत रमतगमत जाते. काही बसेस वाटेत सिएना स्टेशनलाही थांबतात. तिथे उतरायचा मोह टाळा आणि शेवटपर्यंत बसून राहा. शेवटचा थांबा पियात्सा ग्राम्शीला, म्हणजे टेकडीच्या वर, गावातच. तिथून कांपो, म्हणजे गावातला मुख्य चौक, दहा मिनिटं. रविवारी फेऱ्या कमी असतात, तेवढं वेळापत्रक आधी बघा. ट्रेनच हवी असेल तर मॉलच्या खालच्या मजल्यावरची शहरबस घ्या, नाहीतर हॉटेलला कळवून आधीच टॅक्सी ठरवा. आणि चाकांची मोठी बॅग घेऊन पायी जायचं तुम्ही हे वाचूनही ठरवलंत, तर मला सांगू नका.

आता हॉटेल. नाव देत नाही, कारण तक्रार त्या एकाची नाही, गावातली बरीचशी स्वस्त हॉटेलं याच जातीची आहेत. जुन्या इमारतीचे वरचे दोन मजले भाड्याने घेतलेले, खाली कुणाचं तरी दुकान, शेजारी कुणाचं तरी घर. लिफ्ट नंतर कुठेतरी कोंबलेली. एक माणूस आणि एक बॅग मावते, दार लावायला पोट आत घ्यावं लागतं. जिन्यातला दिवा बटण दाबलं की लागतो आणि ठरलेल्या वेळाने आपोआप विझतो. ही वेळ मोकळ्या हातांनी भराभर चढणाऱ्या माणसाच्या हिशेबाने ठरवलेली असावी. एकवीस किलोवाल्याला तो चौदाव्या पायरीवर अंधारात सोडतो. पुढचं बटण एका छोट्या केशरी ठिपक्यासारखं चमकत असतं, पण ते वरच्या वळणावर. मी काळोखात बॅग गुडघ्याने भिंतीला दाबून उभी, नवरा खालून ओरडतोय, ‘लाव ना दिवा!’, आणि सासूबाई वरून शांतपणे, ‘मी लावू का?’

खोली लहान पण स्वच्छ. गाद्या चांगल्या. न्हाणीघरात बिडे असतो, म्हणजे बसून पाण्याने धुवायचं बसकं भांडं. इटलीत घर बांधताना तो ठेवायचा कायदाच आहे, १९७५ सालचा, म्हणून हॉटेलांतही सर्रास दिसतो. आपल्या माणसाचा युरोपातला अर्धा प्रश्न इथे सुटतो. शॉवरपाशी एक दोरी लोंबत असते. ती एक्झॉस्ट फॅनची नाही. ती ओढली की मालकाकडे घंटा वाजते, आजारी पडलेल्या पाहुण्यासाठी असते ती. मालक धावत आले तेव्हा नवरा टॉवेलवर होता.

खरा त्रास थंडीचा. दिवसा स्वेटर पुरतो, रात्री दगडी भिंतींतून गारठा येतो. खिडकीखाली सुंदर रेडिएटर होता, बर्फासारखा. मालकांना विचारलं तर म्हणाले, ‘सिन्योरा, एक नोव्हेंबर.’ आम्हाला वाटलं टाळाटाळ करतायत. पण इटलीत हवामानानुसार प्रदेशांचे गट पाडलेत आणि हीटिंग कधी सुरू करायचं याच्या तारखा सरकार ठरवतं. सिएनाच्या गटाची तारीख १ नोव्हेंबर ते १५ एप्रिल. आम्ही तीस तारखेला निघणार होतो. ऑक्टोबरच्या शेवटी किंवा एप्रिलच्या शेवटी जाणार असाल तर थर्मल न्या आणि ‘कोपेर्ता’ हा शब्द पाठ करा, म्हणजे पांघरूण. मागितलं की देतात, न मागता कुणी विचारत नाही. सासूबाईंना दोन दिली, आम्हाला प्रत्येकी एक.

पैशांचं. बुकिंगच्या रकमेत शहराचा पर्यटन कर धरलेला नसतो. तो माणशी, दर रात्रीचा, निघताना वेगळा मागतात आणि बहुतेक वेळा रोख. यात फसवणूक नाही, पण शेवटच्या सकाळी खिशातले युरो संपवून बसलेल्यांची धावपळ होते. आमची झाली. जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’ दिसेल (वरच्या कोपेर्ताचा भाऊच, पण हा पांघरत नाही). टेबलावर बसल्याचे माणशी दोन-तीन युरो. मेनूच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, त्यामुळे भांडू नका. मी भांडले, हरले.

कॉफीचं मात्र मला अजून टोचतं. बारच्या काउंटरला उभ्याने एस्प्रेसो एक युरो तीस सेंट. कांपो चौकातल्या खुर्चीवर बसून तिघांच्या तीन कॉफ्या आणि एक कोरडा केक मिळून सव्वीस युरो. चौकातच बसायचं तर खाली बसा. सगळे बसतात. शिंपल्यासारखा उतरता चौक, विटांचा, नऊ पाकळ्यांत विभागलेला, कारण तो बांधला गेला तेव्हा गावात नऊ जणांच्या मंडळाचं राज्य होतं. विटा उन्हाने तापलेल्या असतात, पाठ टेकता येते, आणि सव्वीस युरो वाचतात.

हॉटेलचा नाश्ता घेऊ नका. पुडीतला जॅम, पुडीतलं लोणी आणि आपल्या बेकरीतल्या टोस्टचा कंटाळवाणा भाऊ. शाकाहारी लोकांनी ‘पीची आल्ल-आल्योने’ मागवा. हाताने वळलेला जाड पास्ता, टोमॅटो आणि भरपूर लसूण. टस्कनीतला पाव अळणी असतो, मीठच घालत नाहीत. सासूबाईंनी त्यावर घरून आणलेली शेंगदाण्याची चटणी लावली तेव्हा त्या पावाचा उपयोग मला पहिल्यांदा कळला.

कॅथेड्रलची संगमरवरी जमीन बघायला म्हणून जाणार असाल तर तारखा बघा. छप्पन्न चित्रांची ही जमीन पूर्ण उघडी असते ती वर्षातले थोडेच आठवडे, साधारण ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, शिवाय अलीकडे उन्हाळ्यात काही दिवस. आम्ही पोचलो तेव्हा बराचसा भाग झाकलेला. तिकीट काढताना हे कुणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही. बाजूला कॅथेड्रलचा अर्धवट राहिलेला प्रचंड विस्तार उभा आहे. १३४८च्या प्लेगनंतर काम थांबलं ते थांबलंच. त्याच्या भिंतीवर चढता येतं. कांपो चौकातल्या तोर्रे देल मांजा या मनोऱ्याच्या चारशेच्या आसपास पायऱ्या आहेत. दोन्हींपैकी एकच चढायचं असेल तर ही भिंत चढा, कारण तिथून मांजाचा मनोरा दिसतो आणि मनोऱ्यावरून मनोरा दिसत नाही.

तिसऱ्या दिवशी सान जिमिन्यानोला गेलो. बरं आहे.

मग एवढं सगळं असूनही रात्री मुक्काम करायचा का? करायचा. दिवसाच्या सहलीवाले फ्लॉरेन्सला परतले की गाव एकदम गावासारखं होतं. दुसऱ्या रात्री झोप लागेना (गारठा), म्हणून सहाला उठून एकटीच बाहेर पडले. कांपोत एक सफाई कामगार, दोन कबुतरं आणि मी. भिंतींवर जागोजागी छोटी चित्रं लावलेली दिसतात, कुठे कासव, कुठे गोगलगाय, कुठे हंसासारखं बदक. गावात सतरा वस्त्या आहेत, प्रत्येकीचं चिन्ह वेगळं, आणि २ जुलै आणि १६ ऑगस्टला याच चौकात यांच्या घोड्यांची शर्यत होते. त्या दिवसांत स्वस्त खोली शोधायला जाऊ नका. मला त्या चिन्हांचा वेगळाच उपयोग झाला. अंधाऱ्या बोळात फोनचा नकाशा गोल गोल फिरत होता, तेव्हा मी कासव संपून जनावर बदललं की चुकले, असं धरून परत फिरले. तासाभराने हॉटेलात पोचले ती इतकी खुशीत की नवऱ्याला म्हटलं, आठवडाभर राहूया. तो पांघरुणात होता. उत्तर आलं नाही.

गाडी भाड्याने घेऊन येणाऱ्यांसाठी एकच वाक्य. तटाच्या आतल्या भागात बाहेरच्या गाड्यांना बंदी आहे, कॅमेरे लावलेत, आणि दंडाची चिठ्ठी काही महिन्यांनी घरच्या पत्त्यावर येते, शिवाय गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीची वेगळी फीसुद्धा असते. हॉटेल तटाच्या आत असेल तर गाडीचा नंबर आधी कळवून परवानगी मिळते का ते विचारा, नाहीतर गाडी तटाबाहेर लावा.

परतताना बस घेतली. हॉटेल ते पियात्सा ग्राम्शी, तीन चाकांवर, नऊ मिनिटं. सासूबाईंनी घड्याळ बघून आकडा मोठ्याने सांगितला, आणि नवऱ्याने खिडकीकडे तोंड केलं.

निखळलेलं चाक मी जपून पुण्याला आणलं. लक्ष्मी रोडवरच्या दुकानात वॉरंटीचं कार्ड आणि चाक दोन्ही काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने चाक उलटंपालटं करून बघितलं, त्यात अडकलेला दगडाचा कपचा नखाने काढला आणि म्हणाला, ‘ताई, हे विमानतळाच्या फरशीचं चाक आहे.’