मच वेनलॉक : ब्लेकवे हॉलोतून उतरू नका

इंग्लंडमधल्या या गावी मुक्कामावर सांगितलं होतं, "वेनलॉक एज या डोंगरधारेवर चालत जा, सोपा फेरफटका आहे." ऑक्टोबरचा पाऊस पडून गेल्यावर तो अजिबात सोपा नाही.

गावातून वर जाणारी ब्लेकवे हॉलो ही वापरून वापरून खोल गेलेली जुनी वाट. दोन्हीकडे बांध, वर झाडी, खाली ओला चुनखडक आणि त्यावर कुजक्या पानांचा थर. सह्याद्रीत शेवाळ नसेल तिथे ओला कातळही बूट धरून ठेवतो, हा दगड साबणासारखा निसटतो. चढताना काही वाटलं नाही. उतरताना बायको दोनदा आपटली, मनगट सुजलं. ज्या दगडावर ती पडली त्यावर प्रवाळाची बारीक जाळी स्पष्ट दिसत होती. 40 कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता. पण तेव्हा ते बघायच्या मनःस्थितीत कोण असणार! काठ्या नसतील तर ओल्यात जाऊच नका. डांबरी रस्त्याने उतरू म्हणाल तर गाड्या अगदी अंगाजवळून जातात.

दुसरा मनस्ताप टॅक्सीचा. इथली प्रवासी रेल्वे 1962 मध्येच बंद झाली, त्यामुळे जवळच्या टेल्फर्ड स्टेशनहून यावं लागतं. फोनवर 25 पौंड ठरले, उतरताना "आज रविवार" म्हणून 40 घेतले. बसण्याआधी वाराचा दर स्पष्ट विचारा.

आता ज्यासाठी जायचं ते. विल्यम पेनी ब्रूक्स या इथल्याच डॉक्टरने 1850 मध्ये ऑलिंपियन खेळ सुरू केले. धावणं, क्रिकेट होतंच, शिवाय म्हाताऱ्या बायकांची शर्यत, बक्षीस एक पौंड चहा! 1890 मध्ये आधुनिक ऑलिंपिकचा जनक कुबर्तँ ते बघायला आला, त्याने लावलेला ओक लिंडन फील्ड या मैदानावर आहे. ब्रूक्स डिसेंबर 1895 मध्ये गेले, अथेन्सचे पहिले आधुनिक ऑलिंपिक जेमतेम चार महिन्यांवर असताना. होली ट्रिनिटी चर्चच्या आवारात त्यांच्या थडग्यापाशी माझे डोळे भरून आले. ऑलिंपियन ट्रेल, म्हणजे या खेळांच्या खुणा दाखवणारी पायवाट, दोन-सव्वादोन किलोमीटरची, सपाट. सुजलेलं मनगट घेऊनही होते.

1540 च्या गिल्डहॉलखाली (गावाचं जुनं सभागृह) ओकचा एक खांब आहे, त्याला मनगटं अडकवायची लोखंडी कडी अजून आहेत. इथे माणसांना बांधून फटके मारत. चुकवू नका. प्रायरीचे, म्हणजे जुन्या ख्रिस्ती मठाचे, भग्नावशेष उत्तम, त्यातल्या चॅप्टर हाउसच्या (मठाच्या सभागृहाच्या) भिंतीवरच्या एकात एक गुंतलेल्या कमानींसाठी तिकिटाचे पैसे वसूल. मात्र हिवाळ्यात निघण्याआधी उघडण्याचे दिवस बघून घ्या.