कम्युनिटी कॉलेजातून युनिव्हर्सिटीत पोचवताना : माझा अनुभव

मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत एका कम्युनिटी कॉलेजात केमिस्ट्री शिकवते, मूळची तासगावची. इथे पहिल्यांदा आले तेव्हा सप्टेंबर होता, द्राक्षाच्या दोन ओळींच्या मधे जमिनीवर कागद अंथरून त्यावर थॉमसनचे घड वाळत घातलेले दिसले आणि एकदम गावी आल्यासारखं वाटलं, फक्त आपल्याकडे बेदाणा शेडमधे जाळीच्या रॅकवर होतो आणि इथे सरळ उन्हात. माझ्या वर्गातली बरीच मुलं या मळ्यांत आणि पॅकिंग हाऊसमधे राबणाऱ्या घरांतली. जास्त करून मेक्सिकोहून आलेली कुटुंबं, मग लाओसहून आलेले ह्मॉन्ग, पंजाबी ट्रकवाल्यांची मुलं, थोडी ब्लॅक. आपल्याकडे अल्पसंख्याक म्हटलं की धर्म डोळ्यासमोर येतो, इथे मायनॉरिटी म्हणताना वंश धरतात. आमच्या वर्गात लॅटिनो मुलंच जास्त असतात, पण सायन्सच्या डिग्रीत वर वर जावं तशी ती कमी होत जातात.

सिस्टीम अशी की पहिली दोन वर्षं इथे करायची, फी 46 डॉलर एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, आणि 60 सेमिस्टर युनिट झाले की यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, एखाद्या कॅम्पसला डायरेक्ट तिसऱ्या वर्षाला ट्रान्सफर. मला हे लगेच कळलं कारण मी स्वतः दहावीनंतर डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयरला गेलेली. फरक एवढाच की आपल्याकडे डिप्लोमाचे विषय ठरलेले असतात, इथे कुठला विषय कधी घ्यायचा ते अठरा वर्षांच्या पोराने ठरवायचं, आणि घरात कॉलेजला गेलेलं कोणीच नसतं.

खरी अडचण या क्रमातच आहे, बुद्धीत नाही, हे मी नऊ वर्षं बघतेय. केमिस्ट्री किंवा बायोलॉजीसाठी जनरल केमिस्ट्री वन, मग टू, मग ऑरगॅनिक वन, मग ऑरगॅनिक टू, एकापाठोपाठ एक चार सेमिस्टर. शाळेत केमिस्ट्री झाली नसेल तर त्याआधी अजून एक. छोट्या कॉलेजात ऑरगॅनिक वर्षातून एकदाच लागतं, म्हणजे एक सेमिस्टर चुकली की वर्ष गेलं. आणि मुलांना पहिल्या दिवशी सांगितलं जातं की आधी इतिहास, इंग्लिश, आर्ट हे जनरल विषय उरकून घ्या, मग दोन वर्षांनी मुलगा येतो, युनिट 60 च्या वर, मार्क चांगले, आणि केमिस्ट्रीचा एकही कोर्स झालेला नाही. गणिताचं तर आधी अजून वाईट होतं, प्लेसमेंट टेस्टमधे कमी पडलं की तीन तीन सेमिस्टर शाळेचंच बीजगणित परत. 2017 च्या एबी 705 कायद्याने शाळेतले मार्क बघून मुलांना थेट कॉलेजच्या गणिताला घ्यायला लावलं, त्यानंतर ते बरंच सुटलं.

आता माझ्या एका विद्यार्थिनीबद्दल लिहिते, नाव लिहीत नाही. ती माझ्याकडे आली तेव्हा तिचं दुसरं वर्ष अर्धं झालेलं. पहाटे चारला पॅकिंग हाऊसमधे आणि दहाला माझ्या लॅबमधे. आम्ही असिस्टची साइट उघडली, यात डावीकडे युनिव्हर्सिटीचा कोर्स असतो आणि उजवीकडे आपल्या कॉलेजचा त्याला चालणारा कोर्स. ती बोट ठेवून एकेक ओळ वाचत होती आणि एका ओळीपाशी थांबली, नो कोर्स आर्टिक्युलेटेड. म्हणाली, "मिस, म्हणजे मी नापास?" मी म्हटलं अगं नाही, म्हणजे आपल्या कॉलेजात तो कोर्स नाहीच, तो तिथे गेल्यावर करायचा. आधीही ती ओळ बघून तिने ती साइट बंद केलेली होती, कोणाला विचारलंही नव्हतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण मी रोज तिच्यासमोर उभी राहून मोल कन्सेप्ट शिकवत होते आणि हे एक वाक्य कधी सांगितलं नव्हतं.

मग आम्ही बसून एकूण तीन वर्षांचा प्लॅन केला, पेन्सिलने. टॅग म्हणून एक प्रकार आहे, म्हणजे अटी पूर्ण केल्या तर अ‍ॅडमिशनची हमी, सहा कॅम्पस देतात, बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो देत नाहीत, आणि भरता येतो एकाच कॅम्पसला. तिने डेव्हिस भरलं. मुख्य अर्ज नोव्हेंबर अखेरपर्यंत, त्यात जास्तीत जास्त 350 शब्दांची चार उत्तरं लिहायची. तिने पहिल्या ड्राफ्टमधे लहानपणापासून विज्ञानाची आवड वगैरे लिहिलं होतं. मी विचारलं पॅकिंग हाऊसमधे तू नक्की काय करतेस, तर म्हणाली द्राक्षांच्या पेट्यांत सल्फर डायऑक्साइडचे पॅड ठेवते, बुरशी येऊ नये म्हणून, आणि नेहमी विचार करते की हा गॅस पॅडमधून हळूहळू कसा निघतो. अगं मग हे लिही ना! हे मी आपल्याकडच्या एक्स्पोर्टच्या पेट्यांत लहानपणी बघितलेलं, आणि कधी विचार नव्हता केला.

अर्ज गेला आणि जानेवारीत ऑरगॅनिक टूचा क्लास रद्द झाला, मुलं कमी म्हणून. तिच्या अर्जात तो कोर्स जानेवारीच्या सेमिस्टरला घेणार असं लिहिलेलं, न घेता गेली तर हमी धोक्यात. मी डीनकडे गेले, दोनदा गेले, उपयोग नाही झाला. मग 45 मैलांवरच्या दुसऱ्या कॉलेजात संध्याकाळचा क्लास सापडला, तिच्यासारखे अजून दोघं होते, तिघं एका गाडीतून आठवड्यातून दोनदा, रात्री अकराला परत. पेट्रोलची सोय मेसा सेंटरच्या बाईंनी केली. हे मेसा म्हणजे गणित-सायन्सच्या मुलांना मदत करणारा कार्यक्रम, 1970 साली ओकलंडच्या एका हायस्कूलमधून सुरू झालं, आज आमच्याकडे म्हणाल तर एक खोली, चार टेबलं, एक व्हाइटबोर्ड आणि कायम चालू असलेला प्रिंटर, पण ही मुलं तिथेच टिकतात, कारण तिथे आपल्यासारखंच कोणीतरी शेजारी बसून इंटिग्रेशन करत असतं. कॉलेज बदलल्याचं यूसीच्या अर्जाच्या जानेवारीच्या अपडेटमधे कळवायला लागतं, ते विसरलं की पुढे त्रास, म्हणून आम्ही दोघींनी मिळून सबमिट दाबलं.

एप्रिलमधे डेव्हिसचं पत्र आलं. तिची आई मला भेटायला आली, हातावर छाटणीचे जुने व्रण, अगदी माझ्या मावशीच्या हातावर आहेत तसे. ती बोलली स्पॅनिशमधे, मुलगी सांगत होती. "माएस्त्रा (बाई), तिथे तिचं कोण आहे?" तीन तासांचा रस्ता, घरातली पहिली मुलगी बाहेर राहणार. मी आईला खोटं नाही सांगितलं, तिथे कोणी नाहीये पण ट्रान्सफर सेंटर आहे, आणि मी फोन उचलेन.

फोन आला ऑक्टोबरमधे. डेव्हिसला क्वार्टर सिस्टीम, दहा आठवड्यांत सगळं, चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा, आणि ती कधी नव्हे ते नापास. रडत होती, म्हणाली मिस, मी इथली नाही. मी तिला माझ्या एम-थ्रीबद्दल, म्हणजे इंजिनिअरिंगच्या गणिताच्या तिसऱ्या पेपरबद्दल सांगितलं. डिप्लोमावाल्यांना सेकंड इयरला एम-थ्री म्हणजे काय असतं ते इथे वाचणाऱ्यांना सांगायला नको, माझे पहिल्या टेस्टला 20 पैकी 3 होते आणि रेग्युलरवाली मुलं मागे वळून बघायची. याला इथे ट्रान्सफर शॉक म्हणतात, बऱ्याच जणांचे मार्क पहिल्या टर्मला पडतात. तिला म्हटलं प्रोफेसरच्या ऑफिस अवर्सला जा, उद्याच, प्रश्न नसला तरी जा. ती गेली. तो कोर्स बी मायनसने सुटला आणि पुढच्या वर्षी तिला लॅबमधे पगारी काम मिळालं.

आता परत सप्टेंबर आहे. टॅगची मुदत 30 ला संपते. या वेळी माझ्याकडे सात जण आहेत, पाच जणांचे फॉर्म झाले, एकीचं जुन्या कॉलेजचं ट्रान्स्क्रिप्ट यायचंय, आणि सातवा आज आई-बाबांबरोबर मळ्यात वाळणाऱ्या द्राक्षांचे कागद गुंडाळायला गेलाय, पाऊस सांगितलाय म्हणून. सहाला येतो म्हणालाय, तोपर्यंत मी सेंटर उघडं ठेवून बसलेय.