'तेच कार्ड आहे भाऊ': ८ की १६, आणि बिलावरची ती एक ओळ

ग्राफिक कार्ड लाल (एएमडीचं) घ्यायचं की हिरवं (एन्व्हिडियाचं), हे दोन दिवसांत ठरलं. पुढचे तीन आठवडे खाल्ले ते बिलावरच्या एका ओळीने. त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो.

एन्व्हिडियाचं आरटीएक्स ५०६० टीआय आणि एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, दोन्ही ८ जीबी आणि १६ जीबी मेमरीत मिळतात. एकाच कार्डाच्या या दोन प्रकारांचं नाव एकच, चिप तीच, डबाही जवळपास तसाच. नाशिकमधल्या एका दुकानाने दिलेल्या कोटेशनवर नुसतं '५०६० टीआय ओसी' (ओसी म्हणजे वेग थोडा वाढवलेलं) लिहिलेलं. किती जीबी? "तेच कार्ड आहे भाऊ, गेमला फरक नाही पडत."

पडतो. १४४०पी मॉनिटरवर (२५६० x १४४० पिक्सेल) टेक्श्चर, म्हणजे पृष्ठभागांची चित्रं, अल्ट्रा या सर्वात वरच्या सेटिंगला ठेवलं की काही नवे गेम ८ जीबीच्या बाहेर जातात. मग उरलेला माल पीसीआयई स्लॉटमधून (मदरबोर्डवर कार्ड बसतं ती खाच) रॅमकडे ये-जा करत बसतो. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) छान दिसतो, पण खेळताना मधेच हिसके बसतात, नाहीतर भिंती धुरकट दिसतात. म्हणून तुलनेत सरासरी नाही, '१ टक्का लो', म्हणजे सर्वात संथ १ टक्का फ्रेमचा वेग, बघा.

जुन्या मदरबोर्डवर हे दुखणं वाढतं आणि काउंटरवर त्याबद्दल कुणी विचारत नाही. माझा बोर्ड बी४५० चिपसेटचा, म्हणजे स्लॉट जुन्या पीसीआयई ३.० चा. ५०६० टीआयला लेन (डेटा जायचे मार्ग) ८ च, म्हणजे एका दिशेला सेकंदाला साधारण ८ जीबी. ९०६० एक्सटी पूर्ण १६ लेन वापरतं, म्हणजे दुप्पट. मेमरी पुरत असेल तर हा फरक किरकोळ. मेमरी भरली की हाच मारतो. जुना बोर्ड आणि ८ जीबीचं ५०६० टीआय ही जोडी मी कुणालाच सुचवणार नाही. मी ९०६० एक्सटी १६ जीबी घेतलं. तुम्ही ब्लेंडर (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) वापरत असाल किंवा रे ट्रेसिंगशिवाय (गेममधला खऱ्यासारखा प्रकाश) चैन पडत नसेल, तर ५०६० टीआय घ्या, पण १६ चंच. कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारं एन्व्हिडियाचं डीएलएसएस जास्त गेममध्ये आहे, हेही खरं. एएमडीचं तसंच एफएसआर ४ हे २०२५ मध्ये आलं तेव्हा अधिकृतपणे फक्त ९००० मालिकेवर आणि निवडक गेममध्येच चालायचं.

आता बिल. 'ग्राफिक कार्ड, नग १' असं बिल घेऊ नका. त्यावर तीन गोष्टी हव्यात: डब्यावरचा पूर्ण मॉडेल नंबर (त्यातच ८जी किंवा १६जी असतं), सिरीयल नंबर आणि जीएसटी वेगळा दाखवलेला. "सिस्टिममध्ये सिरीयल टाकायची सोय नाही," हे मी तीनदा ऐकलं. सोय नसेल तर पेनने लिहून शिक्का मारून द्या म्हणायचं. कच्च्या बिलावर १८ टक्के वाचल्यासारखे वाटतात, पण वॉरंटीला बहुतेक ठिकाणी पक्कं बिलच लागतं. ते नसेल तर काही कंपन्या खरेदीऐवजी उत्पादनाच्या तारखेपासून मोजतात आणि गोदामात पडलेले महिने तुमच्या खात्यातून जातात. डब्यावर आयातदाराचं नाव, एमआरपी आणि महिना-वर्ष असलेलं स्टिकर नसेल तर तो माल आडमार्गाने आलेला समजा. डब्यावरचा आणि कार्डावरचा सिरीयल दुकानातच ताडून बघा, दोन्हींचा फोटो काढा.

एसएमपीएसचं (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायचं) सांगायचं राहिलं. ९०६० एक्सटी १६ जीबी साधारण १६० वॅटचं, ५०६० टीआय १८० चं. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर यातलं काहीच लावू नका. कार्डाची वायर ६+२ पिनची. ४+४ ची प्रोसेसरची असते, ती जोर लावून घुसवू नका. मोलेक्सचे (जुन्या ४ पिनच्या वायरचे) अडॅप्टरही नकोत.

कॅबिनेटमधली जागा पुढचा पंखा धरून मोजा. तीन पंख्यांची कार्डं ३०० मिमीच्या आसपास जातात.

ब्रँड बदलत असाल तर आधी इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर पुसायचं फुकट सॉफ्टवेअर) जुना ड्रायव्हर पुसा, मग कार्ड बदला. बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये) रिसायझेबल बार चालू करा, त्याने प्रोसेसर कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू शकतो. त्यासाठी सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद लागतं, आणि विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद करताच मशीन बूटच होत नाही. आधी डिस्क नव्या जीपीटी पद्धतीची करून घ्या.

लावून झालं की जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा. मेमरी साईझ बघा, मग बस इंटरफेसशेजारचं प्रश्नचिन्ह दाबून रेंडर टेस्ट चालवा. नुसतं बघितलं तर कार्ड विश्रांतीत असल्यामुळे पीसीआयई १.१, म्हणजे फार संथ वेग, दाखवतं आणि उगाच घाम फुटतो.

आणि पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जायचा विचार असेल तर रविवार टाळा, बहुतेक शटर खाली असतात. बिलाचं तिथेही तेवढंच सांभाळा.