दाढीवरचा कर

सकाळी दाढी करायचा कंटाळा आला की मला हटकून रशियाचा पीटर झार आठवतो. आपल्याला फार तर कोणी 'काय, बरं नाही का?' म्हणून विचारेल. त्याच्या राज्यात दाढी ठेवायची तर पैसे मोजावे लागत.

1698 साली युरोप फिरून आलेल्या या झाराने भेटीला आलेल्या सरदारांच्या दाढ्या स्वतःच्या हाताने कापल्या. आता गंमत बघा. 1551 च्या धर्मसभेने दाढी काढणं निषिद्ध ठरवलं होतं, आणि ती सभा बोलावली होती चौथ्या इव्हानने. 1547 मध्ये 'झार' म्हणून राज्याभिषेक करवून घेणारा पहिला राजा तोच. एका झाराच्या काळात दाढी उतरवणं पाप, दुसऱ्याच्या काळात राखणं महाग. ज्याची हनुवटी, त्याला कोण विचारतो!

1705 मध्ये रीतसर दर ठरले. बड्या व्यापाऱ्याला वर्षाला 100 रूबल, सरकारी अधिकाऱ्याला 60. शेतकऱ्याला गावात मुभा, पण शहराच्या वेशीतून जाता-येता दर खेपेला एक कोपेक, म्हणजे रूबलचा शंभरावा भाग. पावती म्हणून तांब्याचा बिल्ला मिळे. त्यावर एकीकडे दोन डोक्यांचा गरुड, दुसरीकडे नाक, मिशा, दाढी आणि वर 'पैसे घेतले' अशी अक्षरं. डोळे-कपाळ कोरायची तसदी घेतलेली नाही. वसुलीशी त्यांचा काय संबंध?

पीटरच्या नोकरीत असलेल्या जॉन पेरी या इंग्रज इंजिनिअरने एका म्हाताऱ्या सुताराची हकिगत लिहून ठेवली आहे. नुकतीच हजामत झालेल्या त्या सुताराला पेरीने गमतीने विचारलं, दाढी कुठे गेली? त्याने ती कोटाच्या आतून काढून दाखवली. शवपेटीत सोबत ठेवायची होती, वर संत निकोलसला हिशेब द्यायला.

झाराला असा हिशेब निदान या जगात तरी कोणाला द्यायचा नव्हता. 1716 च्या लष्करी कायद्यात तसं स्वच्छ लिहिलंय: महाराज स्वयंसत्ताधीश आहेत, पृथ्वीवर कोणालाही जबाब देणं लागत नाहीत. 1721 मध्ये पीटर 'इम्पेरातोर', म्हणजे सम्राट झाला, तरी बिरुदावलीतला 'स्वयंसत्ताधीश' जागचा हलला नाही.

दाढीवरचा कर सम्राज्ञी दुसऱ्या कॅथरीनने 1772 मध्ये उठवला. पुढे झार तिसऱ्या अलेक्झांडरने स्वतःच भरघोस दाढी राखली, आणि त्याच्या मुलानेही, म्हणजे शेवटचा झार दुसऱ्या निकोलसनेही. 1897 च्या जनगणनेत व्यवसायाच्या रकान्यात या निकोलसने लिहिलं होतं, 'रशियन भूमीचा मालक'.