इंदूर ते महेश्वर घोड्यावरून: पाठ कशी जपावी

इंदूर, महू, जाम दरवाजा, मंडलेश्वर, महेश्वर असा चार दिवसांचा प्रवास जानेवारीत तीन घोड्यांवर झाला. चारापाणी वाटेवरच्या गावांतून मिळतं. कसोटी लागते ती घोड्याच्या पाठीची. तिघांपैकी एका घोडीची पाठ जामच्या उतारावर दुखावली, म्हणून हे सविस्तर.

पहिला टप्पा महूचा, साधारण २३ किलोमीटर. खोगीर चढवण्याआधी नीट खरारा करा, म्हणजे अंग ब्रशने घासून साफ करा. माळव्याची काळी माती घामात मिसळून वाळली की कातडी घासून काढते. नमदा (खोगिराखालची जाड घडी) उलटा करून बोटांनी चाचपा. रुतलेलं कुसळ डोळ्यांना दिसत नाही, बोटाला मात्र टोचतं. खोगीर थोडं पुढे ठेवून केसांच्या दिशेने मागे सरकवा. जास्त मागे गेलं तर पुढे ढकलू नका, उचलून पुन्हा ठेवा. नमदा खोगिराच्या मधल्या पोकळीत वर ओढून घ्या, नाहीतर मानेमागच्या उंचवट्यावर ताण येतो. तंग (खोगीर बांधणारा पोटाखालचा पट्टा) पुढच्या पायाच्या कोपरामागे चार बोटं सोडून आवळा, आत दोन बोटं सपाट जावीत. मग पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखालच्या चुण्या मोडतात. दहा मिनिटं चालल्यावर तंग पुन्हा तपासा.

अहिल्याबाईंनी १७९१ मध्ये बांधवलेल्या जाम दरवाजापासून निमाडात उतरणारा घाट सुंदर आहे, आणि घोड्यांच्या पाठी दुखावतात त्या इथेच. उतारावर खोगीर पुढे सरकतं आणि स्वाराचं वजन खांद्यांवर येतं. पायउतार होऊन घोडा हातात धरून चाला. आमचं चुकलं ते हेच, निम्मा घाट बसूनच उतरलो.

मुक्कामी खोगीर लगेच काढू नका. तंग सैल करून पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्या. दबलेल्या जागी रक्त हळूहळू परततं. मग घामाचा ठसा वाचा. घोडीची सगळी पाठ घामाने निथळत होती. उंचवट्याच्या डाव्या बाजूला मात्र रुपयाएवढा कोरडा ठिपका. तिथेच दाब पडला होता. अर्ध्या तासात त्या जागी गरम, मऊ फुगवटा आला, बोट लावताच ती पाठ खाली दाबू लागली.

कातडी शाबूत असेल तर गार पाण्यात भिजवलेलं फडकं वीस मिनिटं, दिवसातून तीन-चारदा. सोलली असेल तर उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात दीड छोटा चमचा मीठ घालून धुवा. त्यानंतर पाच टक्क्यांचं पोव्हिडोन आयोडीन (जंतुनाशक) उकळून गार केलेल्या दहापट पाण्यात मिसळून, फिक्या चहाच्या रंगाचं करून लावा. कोरडं झाल्यावर झिंक ऑक्साइडचा पातळ थर द्या. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, नवी कातडी जळते. नर्मदेचं पाणी थेट जखमेवर घेऊ नका. घोड्यांना धनुर्वात फार लवकर होतो. लस झालेली नसेल तर उघड्या जखमेला त्याच दिवशी डॉक्टर हवा. महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, घाट उतरण्याआधी पाठ तिथे दाखवून घ्यावी.

प्रत्येक चट्टा खोगिराचा नसतो. गोल, कोंडा धरलेला, केस तुटलेला चट्टा बहुधा नायटा. तो माणसालाही लागतो, तेव्हा हातमोजे घाला, ब्रश आणि नमदा वेगळा ठेवा. खपलीसकट केसांचे झुपके निघत असतील तर ओलाव्याने झालेला जिवाणूंचा संसर्ग. उंचवट्यावर पू धरलेली सूज घरी फोडू नका.

जाड नमदा घालून स्वारी चालू ठेवण्याचा मोह होतो, पण त्याने दाब वाढतो. घोडी मंडलेश्वर ते महेश्वर मोकळ्या पाठीने चालली आणि ट्रकमधून इंदूरला परतली. फुगवटा पूर्ण बसून, दाबल्यावर दुखणं थांबून, सोललेल्या जागी नवे केस येईपर्यंत तिच्यावर खोगीर चढणार नाही. केस पांढरे आले तर तो दाब खोलवर गेल्याची कायमची खूण. घोडा विकत घेतानाही ती जागा आधी पाहावी.