चटई क्षेत्र आणि रोलचा पन्हा

माझी आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि डिसेंबर-जानेवारीत पुण्याची फरशी पहाटे जी गार पडते, ती तिच्या गुडघ्यांना अजिबात सोसत नाही. सपाता घालून देवघरात जाणे तिला पटत नाही, त्यामुळे तिच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा घालावा असे गेल्या दसऱ्याच्या सुमारास ठरले, आणि एकदा माणूस घरी येणारच आहे तर दिवाणखान्याचाही विचार करावा असे माझ्या पत्नीने सुचवले. मी आयुष्यभर लेखापाल म्हणून काम केले असल्याने खर्चाचा अंदाज काढणे हे माझ्याकडेच आले. मी घराचा करारनामा काढला, त्यात कार्पेट एरिया ६१.३ चौरस मीटर असा लिहिलेला होता, त्याला १०.७६४ ने गुणून ६६० चौरस फूट केले, दुकानाच्या पाटीवरील ७० रुपये चौरस फूट हा दर लावला आणि संपूर्ण घराला ४६,२०० रुपये लागतील, म्हणजे दोन खोल्यांचे काम त्याच्या निम्म्याहून कमी खर्चात व्हावे, असा निष्कर्ष काढला. हा हिशेब चुकला होता, आणि तो कोठे चुकला हे समजण्यास मला तीन आठवडे लागले.

पहिली चूक शब्दाची होती. कार्पेट एरिया, ज्याला सरकारी मराठीत चटई क्षेत्र म्हणतात, त्याचा गालिच्याशी संबंध नावापुरताच आहे. २०१६ च्या रेरा, म्हणजे घरबांधणी व घरविक्रीचे नियमन करणाऱ्या, कायद्यातील व्याख्येनुसार हे क्षेत्र म्हणजे सदनिकेचे वापरण्याजोगे निव्वळ क्षेत्र. त्यातून बाहेरच्या भिंती, सेवावाहिन्यांचे शाफ्ट, स्वतंत्र बाल्कनी आणि उघडी गच्ची वगळली जाते, परंतु घरातील आतल्या भिंतींनी व्यापलेली जागा त्यात धरली जाते. म्हणजे करारनाम्यातील चटई ज्या जागेवर अंथरता येणार नाही, अशी भिंतींखालची जागाही त्यात आहे, आणि स्वयंपाकघर, न्हाणीघर, संडास हे तर आहेतच. (एफएसआयला, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येते ते सांगणाऱ्या गुणोत्तराला, आपण चटई क्षेत्र निर्देशांक म्हणतो, आणि तो तर आणखी निराळ्याच क्षेत्रावर मोजला जातो, चटईने मराठी भाषेत एवढा गोंधळ घालावा हे नवलच.) तेव्हा करारनामा कपाटात ठेवून मी पोलादी टेप घेतला.

माप घेणे हे वाटते तितके सोपे नाही. खोलीची लांबी एकाच ठिकाणी मोजून चालत नाही, कारण गिलाव्याची जाडी सर्वत्र सारखी नसते. दोन्ही टोकांना आणि मध्ये अशी तीन मापे घेऊन त्यांपैकी सर्वांत मोठे धरावे लागते. दोन्ही कर्ण मोजून पाहिले की खोली काटकोनात आहे की नाही हेही कळते, आणि माझ्या दिवाणखान्याचे कर्ण सव्वा इंचाने वेगळे निघाले. दुसरी गोष्ट अशी की फूट-इंचाचे दशांश अपूर्णांक करताना माणूस फसतो. दहा फूट अकरा इंच हे १०.११ असे कॅल्क्युलेटरवर टिपले, तर खोलीची जवळजवळ दहा इंच रुंदी कागदावर नाहीशी होते. खरा आकडा १०.९२ आहे. ही चूक मी स्वतः केली नाही, पण एका दुकानदाराने माझ्यासमोर केली आणि दाखवून दिल्यावर ‘साहेब, एवढे चालते’ असे म्हणाला. शेवटी मी सर्व मापे मिलिमीटरमध्ये घेऊन फक्त बोलताना फूट वापरू लागलो.

आईची खोली १० फूट ३ इंच रुंद आणि १२ फूट ४ इंच लांब आहे. तिच्यातील सहा फूट रुंद आणि दोन फूट खोल भिंतीतले कपाट जमिनीपर्यंत आलेले असल्याने त्याखाली गालिच्याची गरज नाही. म्हणजे १२६ चौरस फुटांतून १२ वजा जाता साधारण ११४ उरतात. दिवाणखाना १२ फूट ५ इंच बाय १६ फूट, म्हणजे जवळपास १९९ चौरस फूट. दोन्ही मिळून ३१३ चौरस फूट, आणि ७० रुपयांनी २१,९१० रुपये. इथपर्यंत येऊन मी स्वतःवर खूश होतो.

घरी माप घ्यायला आलेल्या मिस्त्रीकाकांनी मात्र माझ्या कागदाकडे पाहून एकच प्रश्न विचारला, ‘पन्हा किती धरलाय?’ कापडाचा पन्हा मला ठाऊक होता. साडीवरच्या ब्लाउजपीसचा पन्हा कमी असला की शिंपी जादा कापड मागतो, हे घरात अनेकदा ऐकलेले आहे. गालिच्याचेही नेमके तसेच आहे. भिंतीपासून भिंतीपर्यंत घालायचा गालिचा ठरावीक रुंदीच्या रोलमध्ये येतो, आणि आम्ही पाहिलेल्या मालात ही रुंदी १२ फूट किंवा ४ मीटर, म्हणजे १३ फूट १ इंच, अशी होती. दुकानदार रोलमधून हवी तेवढी लांबी कापतो, पण रुंदी मात्र पूर्ण द्यावी आणि घ्यावी लागते. तेव्हा खोलीचे क्षेत्रफळ किती, यापेक्षा तिच्यावर रोल कोणत्या दिशेने आणि किती पट्ट्यांत बसतो, यावर खर्च ठरतो.

आईच्या खोलीचेच पाहू. बारा फुटी रोलचा पन्हा १० फूट ३ इंचांच्या बाजूवर आडवा टाकला, तर तो पुरून उरतो. लांबीला १२ फूट ४ इंच अधिक दोन्ही टोकांना कापून बसवण्यासाठी तीन-तीन इंच, आणि दाराच्या चौकटीच्या मध्यापर्यंत जाण्यासाठी आणखी दोन इंच, असे १३ फूट लागतात. विकत घ्यायचे ते १२ गुणिले १३, म्हणजे १५६ चौरस फूट, आणि प्रत्यक्ष पायाखाली येणार ११४. कपाटाखालची बारा फुटे वाचवल्याचा जो आनंद मला झाला होता तो व्यर्थ होता, कारण रोल चौकोनीच कापला जातो आणि कपाटाच्या आकाराचा तुकडा आपल्याच घरात कचरा म्हणून पडतो.

दिवाणखान्यात तर केवळ पाच इंचांनी माझा घात केला. बारा फुटी रोल १६ फूट ६ इंच लांब टाकला की एका बाजूला पाच इंच फरशी उघडी राहते. ती झाकायला कापण्याची सूट धरून नऊ-दहा इंचांची पट्टी हवी, आणि ती आडवी कापून चालत नाही. गालिच्याला मखमलीप्रमाणे लव असते, ती एका दिशेला झुकलेली असते, आणि शेजारच्या दोन तुकड्यांची लव वेगवेगळ्या दिशांना गेली तर एकाच रोलमधले तुकडे दोन रंगांचे दिसतात. म्हणून त्याच दिशेने आणखी साडेपाच फूट रोल घेऊन त्यातून साडेपाच फुटी तीन पट्ट्या काढायच्या आणि त्या एकापुढे एक जोडायच्या. एकूण २२ फूट लांबी, म्हणजे २६४ चौरस फूट, १८,४८० रुपये, आणि शिवाय एक लांब व दोन आडवे सांधे. याउलट चार मीटरच्या रोलचा दर ७८ रुपये होता, परंतु साडेसोळा फूट लांबीचा एकच अखंड तुकडा २१६.५ चौरस फुटांचा आणि १६,८८७ रुपयांचा झाला. महाग दराचा माल एकूण खर्चात स्वस्त पडतो, हे माझ्या पत्नीला पटवून देण्यासाठी मला आलेखाच्या कागदावर आकृती काढावी लागली. आईच्या खोलीत मात्र चार मीटरचा रोल लांबीवर आडवा टाकून १४१ चौरस फूट आणि १०,९९८ रुपये, तर बारा फुटी रोलचे १०,९२० रुपये. तिथे फरक अवघ्या ७८ रुपयांचा होता.

ज्यांना नक्षीचा गालिचा हवा आहे आणि सांधा येणार आहे, त्यांनी नक्षी किती इंचांनी पुन्हा येते हे आधी विचारावे. ती २४ इंचांनी येत असेल, तर पुढच्या प्रत्येक पट्टीची लांबी २४ इंचांच्या पटीत वाढवावी लागते. १० फूट ९ इंचांची पट्टी १२ फुटांची होते. आम्ही साधा राखाडी रंग घेतला, त्यामागे सौंदर्यदृष्टी कमी आणि हा हिशेब अधिक होता. पन्ह्याची कटकट नको असेल तर पन्नास सेंटिमीटर चौरसाच्या कार्पेट टाइल मिळतात. त्यात वाया जाणारा माल कमी असतो आणि डाग पडलेली एखादी टाइल बदलता येते, पण त्या पूर्ण खोक्यांतच विकल्या जातात आणि दिसायला कचेरीसारख्या दिसतात, असे आईचे मत पडले. मला तिचे मत पटले.

आता पाटीवरच्या दराविषयी. आईच्या खोलीचा मला आलेला पूर्ण खर्च असा होता: गालिचा १०,९२०, खालचा मऊ थर, म्हणजे अंडरले, १२० चौरस फूट २४ रुपयांनी २,८८०, मजुरी १५ रुपये चौरस फूट, पण ती पायाखालच्या ११४ फुटांवर नसून कापलेल्या १५६ फुटांवर, म्हणजे २,३४०, भिंतीकडेच्या खिळ्यांच्या पट्ट्या आणि दारातली धातूची पट्टी ८५०, आणि वाहतूक ५००. मजुरी कोणत्या क्षेत्रफळावर हे आधी विचारले असते तर सहाशे-सव्वासहाशे रुपये कदाचित वाचले असते; मी विचारले नाही. याशिवाय गालिचा दहा आणि अंडरले आठ मिलिमीटर, अशी अठरा मिलिमीटर उंची वाढल्याने दार अडकू लागले आणि ते खालून कापून घेण्यासाठी सुतारास ६०० रुपये द्यावे लागले. बेरीज १८,०९०. पायाखालच्या प्रत्येक चौरस फुटाला हा दर १५८ रुपयांच्या पुढे जातो, आणि पाटीवर ७० लिहिलेले होते. बारा फुटांची गुंडाळी लिफ्टमध्ये मावत नाही, हेही त्याच दिवशी कळले. ती तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्याने आली, आणि प्रत्येक वळणावर शेजाऱ्यांच्या कुंड्या हलवाव्या लागल्या.

हा अनुभव पाहून दिवाणखान्याचा बेत आम्ही सोडला आणि तिथे तयार मापाचा गालिचा घेतला. येरवड्याच्या तुरुंगात इंग्रजी अमदानीत कैदी विणत तसा हातविणीचा गालिचा माझ्या ऐपतीत नव्हता, यंत्रावरचाच घेतला. मापासाठी मी जुनी वर्तमानपत्रे चिकटवून ६ बाय ९ आणि ८ बाय १० फुटांचे दोन आयत केले आणि ते दोन-दोन दिवस जमिनीवर ठेवले. सोफ्याचे पुढचे पाय गालिच्यावर यावेत आणि सोफ्याच्या दोन्ही बाजूंना तो थोडा बाहेर दिसावा, एवढीच अट होती. मोठ्या आयतावरून स्वयंपाकघराची वाट जात होती आणि दुसऱ्या दिवशी त्यावर आमटी सांडली; तेव्हा ६ बाय ९ ठरला. त्याला मिस्त्री लागत नाही, पावसाळ्यापूर्वी गच्चीवर नेऊन ऊन दाखवता येते, आणि खाली न घसरणारी जाळी सर्व बाजूंनी दोन-दोन इंच आत राहील अशी कापून टाकली की काम झाले.

आईच्या खोलीतल्या कापणीतून सव्वा फूट रुंद आणि तेरा फूट लांब पट्टी उरली होती. मी ती फेकणार होतो, पण आईने ती दोन-दोन फुटांची कापून घेतली आणि सहा आसने केली. कडा शिवून घ्यायला बारा रुपये रनिंग फूट पडले. एका आसनाची कड साडेसहा फूट, सहांची एकोणचाळीस, म्हणजे ४६८ रुपये. तेव्हा वरच्या बेरजेत दुरुस्ती करून १८,५५८ असे वाचावे.